४४ गोल आणि एक सामना: पात्रता फेरी नेमकं काय मोजते?

जुलै महिन्यातली गोष्ट. हॉस्टेलच्या मेसमध्ये पेटची तयारी करणारी एक ज्युनिअर समोर येऊन बसली आणि ताट टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "ताई, आपण थायलंडला हरवलं! म्हणजे आता आपण त्यांच्यापेक्षा भारी ना?"

आदल्या दिवशी, म्हणजे ५ जुलै २०२५ ला, थायलंडमधल्या चियांग माई इथे भारताच्या महिला फुटबॉल संघानं यजमान थायलंडला २-१ असं हरवलं होतं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, म्हणजे मैदानावर जागा कमावून, आशियाई चषकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. जागतिक क्रमवारीत तेव्हा थायलंड ४६ वा आणि आपण ७० वे.

मी लगेच "हो" म्हणाले. आनंद मलाही झाला होता. पण रात्री थिसिसचं काम करताना ते "हो" टोचायला लागलं. कारण हाच प्रश्न कुणी माझ्या डेटाबद्दल विचारला असता, तर मी आधी विचारलं असतं: किती निरीक्षणं? कोणत्या परिस्थितीत? मोजायचं साधन कोणतं?

एरवी इथे आपण एखादा पेपर घेतो आणि त्याची पद्धत तपासतो. आज पेपरऐवजी स्पर्धेचे नियम घेऊया. राष्ट्रीय संघ मोठ्या स्पर्धेला पात्र ठरवायची पद्धत हीसुद्धा एक संशोधन-रचनाच असते. तिच्यात नमुना असतो, मोजमाप असतं, गहाळ माहिती असते, आणि शेवटी एक निष्कर्ष असतो: हा संघ आत, तो बाहेर. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आशियातली सध्याची रचना प्रामाणिक आहे, पण तिची बहुतेक मेहनत ज्या प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत आहेत त्यांवर खर्च होते. खऱ्या प्रश्नाचा निकाल ती एकाच मोजमापावर लावते.

आधी रचना समजून घेऊ

ही रचना मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या महिला आशियाई चषकाची. त्यात १२ संघ. त्यातल्या चार जागा आधीच ठरलेल्या: यजमान ऑस्ट्रेलिया, आणि २०२२ च्या स्पर्धेतले पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान. उरलेल्या ८ जागांसाठी ३४ संघ. त्यांचे आठ गट केले, सहा गट चार-चार संघांचे आणि दोन गट पाच-पाच संघांचे. प्रत्येक गटाचे सगळे सामने एकाच देशात, साधारण एक ते दोन आठवड्यांत. प्रत्येक गटातला फक्त पहिला संघ आत. दुसऱ्या क्रमांकाला काहीच नाही, ना प्लेऑफ, ना "सर्वोत्तम दुसरा" अशी जागा.

हे तिकीट फक्त आशियाई चषकाचं नाही. २०२७ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाचा आशियातला रस्ता याच चषकातून जातो. उपांत्य फेरी गाठणारे चार संघ थेट ब्राझीलला. उपांत्यपूर्व फेरीत हरणारे चार संघ आपसात खेळतात, त्यातले जिंकणारे दोन तेही थेट आणि हरणारे दोन आंतरखंडीय प्लेऑफमध्ये. म्हणजे जून-जुलैत गटात दुसरा आलेल्या संघाचं विश्वचषकाचं दारही तिथेच बंद झालं. मोजमापातल्या चुकीची किंमत किती मोठी आहे, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

४४ गोल, माहिती किती?

भारताचा गट पाच संघांचा होता: थायलंड, भारत, इराक, तिमोर-लेस्ते, मंगोलिया. भारतानं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं हरवलं. थायलंडनं याच तिघांना अनुक्रमे ११-०, ४-० आणि ७-० असं हरवलं. बेरीज करून बघा. दोघांचे २२-२२ गोल. दोघांवर एकही गोल नाही. दोघांचे ९-९ गुण.

शेवटच्या सामन्याआधी या दोन संघांमध्ये गुणतक्त्यात तसूभरही फरक नव्हता. सहा सामने झाले, ४४ गोल झाले, आणि "दोघांत सरस कोण?" या प्रश्नाबद्दल आपल्याला मिळालेली माहिती शून्य.

संशोधनात याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. दहावीचा पेपर इतका सोपा काढला की वर्गातल्या दोन्ही हुशार मुलींना शंभरपैकी शंभर मिळाले, तर त्या पेपरवरून दोघींत हुशार कोण हे सांगता येत नाही. पेपर खोटा नसतो, मुलीही खोट्या नसतात. साधनाची वरची मर्यादा तिथे संपलेली असते, एवढंच. मग तुम्ही असे तीन पेपर घ्या नाहीतर तेरा घ्या, निरीक्षणांची संख्या वाढते पण माहिती वाढत नाही. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये "एवढे एवढे नमुने घेणार" हे मोठ्या अभिमानानं लिहिलेलं असतं. त्या आकड्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: यातले किती नमुने तुमच्या प्रश्नाबद्दल काही सांगतात?

इथे एक बचाव आहे आणि तो खरा आहे. पात्रता फेरी फक्त सर्वोत्तम संघ शोधण्यासाठी नसते. मंगोलिया किंवा तिमोर-लेस्तेच्या मुलींना अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने मिळावेत, खेळ पसरावा, हाही हेतू असतो. मला तो हेतू मान्य आहे. पण मग रचना दोन हेतूंसाठी आहे हे उघड म्हणायला हवं, आणि दोन्ही हेतू किती साधले हे वेगवेगळं तपासायला हवं. १३-० असा सामना हरलेल्या संघाला त्यातून काय शिकायला मिळतं, हा प्रश्न त्या दुसऱ्या हेतूच्या बाजूनंच विचारायचा आहे. एका प्रयोगातून दोन प्रश्नांची उत्तरं काढायला गेलं की बहुतेक वेळा दोन्ही अर्धीच मिळतात. प्रपोजलमध्ये आपण हीच चूक करतो.

एक सामना किती सांगतो?

तर सगळा भार आला शेवटच्या ९० मिनिटांवर. आता एक साधं गणित करू. फुटबॉलमधल्या गोलांचं ढोबळ वर्णन पॉइसाँ वितरणानं बऱ्यापैकी होतं. समजा 'अ' संघाची क्षमता सामन्यामागे सरासरी १.५ गोलांची आहे आणि 'ब' ची १ गोलाची. म्हणजे 'अ' चांगलाच सरस, गोल करण्यात दीडपट. दोघांचे गोल एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरू. (हे गृहीतक ढोबळ आहे, पण आपल्या कामापुरतं चालेल.)

कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे दहा मिनिटांत करता येतं. मी केलं तेव्हा उत्तर असं आलं: 'अ' जिंकण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के, बरोबरी २६ टक्के, 'ब' जिंकण्याची २५ टक्के. बरोबरी झाल्यावर पेनल्टी शूटआउट आणि ते नाणेफेकीसारखं धरलं, तर दीडपट सरस संघ पुढे जाण्याची शक्यता जेमतेम ६२ टक्के. म्हणजे अशा दर पाच लढतींतल्या जवळजवळ दोन वेळा कमी क्षमतेचा संघ पात्र ठरेल, आणि आपण त्याच्यावर "नवा इतिहास" म्हणून लेख लिहू.

आता याच दोन संघांना चार सामने खेळायला लावले आणि एकूण गोल मोजले, तर सरस संघ पुढे जाण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के होते. वाढ आहे, पण चौपट खर्च करून एवढीच. निरीक्षणं वाढवली की गोंगाट कमी होतो, पण हळू कमी होतो, हे वर्गात वर्गमुळाच्या सूत्रात शिकलेलं असतं. त्याची किंमत इथे दिसते.

हे नुसतं कागदावरचं नाही. त्याच ५ जुलैला ताश्कंदमध्ये उझबेकिस्तान आणि नेपाळ यांचा गटातला शेवटचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि गटाचा निकाल पेनल्टी शूटआउटनं लागला. उझबेकिस्तान आत, नेपाळ बाहेर. शूटआउटच्या त्या काही किकांवरून "उझबेकिस्तान नेपाळपेक्षा चांगला" असं विधान मी माझ्या थिसिसमध्ये केलं असतं, तर व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करायला हव्यात. वर सांगितली ती यादृच्छिक चूक, तिला दिशा नसते. दुसरी असते पद्धतशीर चूक, तिला दिशा असते. चियांग माईतला सामना थायलंडच्या घरच्या मैदानावर होता. प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची, प्रवास आपला. ही चूक कोणत्या बाजूला झुकते हे आपल्याला माहीत आहे: थायलंडच्या बाजूला. आणि तरीही भारत जिंकला. दिशा माहीत असलेली पद्धतशीर चूक निकालाच्या विरुद्ध असेल, तर निकालाचं वजन थोडं वाढतं. बांगलादेशचंही तसंच. त्यांनी यांगूनमध्ये जाऊन यजमान म्यानमारला २-१ असं हरवलं आणि पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. तेव्हा "एकच सामना, काही अर्थ नाही" असं म्हणणंही आळशीपणाचंच. पुरावा कमी आहे, पण जो आहे तो कोणत्या दिशेचा आहे हेही सांगायला हवं.

नवी मुंबई, जानेवारी २०२२

आता साडेतीन वर्षं मागे जाऊ, कारण भारताची खरी जखम तिथली आहे.

२०२२ चा आशियाई चषक आपल्याकडेच झाला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबईत अंधेरी आणि पुण्यात बालेवाडी. यजमान म्हणून भारताला थेट जागा होती. १२ संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांतले सर्वोत्तम दोन उपांत्यपूर्व फेरीत. तीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रताही होती.

२० जानेवारीला भारत आणि इराण ०-० बरोबरीत सुटले. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता, पण कोविडमुळे भारताला किमान १३ खेळाडूंची यादीही देता आली नाही. महामारीसाठीचे खास नियम स्पर्धेआधीच लिहिलेले होते. त्यांनुसार भारतानं स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. सामना पुढे ढकलला गेला नाही. मी तेव्हा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. फोनवर बातमी वाचली आणि खोलीतली एक मैत्रीण म्हणाली, "हरल्या वाटतं." हरल्या नव्हत्या. मोजल्याच गेल्या नव्हत्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गहाळ माहितीबद्दल शिकायचं ते सगळं या फरकात आहे.

भारत गेल्यावर एक तांत्रिक पेच आला. 'अ' गटात आता तीनच संघ, म्हणजे प्रत्येकाचे दोनच सामने. बाकी दोन गटांत प्रत्येकाचे तीन. मग तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना कशी करणार? उपाय असा केला: इतर दोन गटांतही तिसऱ्या संघाचा चौथ्या संघाविरुद्धचा निकाल तुलनेतून वगळायचा. सगळ्यांचे दोन-दोन सामने, समान पाया.

ही पद्धत मला फार जवळची वाटते, कारण मी नेमका याच ठिकाणी मार खाल्ला होता. पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी कोकणातल्या तीन सड्यांवर गवतांच्या आणि फुलवनस्पतींच्या प्रजाती मोजत होते, प्रत्येक सड्यावर सहा चौकटी. एका सड्यावरच्या दोन चौकटींवरून चिऱ्यांचे ट्रक गेले. त्या संपल्याच. मी उरलेल्या चार चौकटींतल्या प्रजाती मोजल्या, बाकीच्या सड्यांवर सहा चौकटींतल्या मोजल्या, आणि "या सड्यावर प्रजाती कमी" असा तक्ता गाईडना नेऊन दाखवला. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "चार चौकटीत कमीच सापडणार ना गं?" जास्त चौकटी म्हणजे जास्त प्रजाती, हे पहिल्या वर्षाचं ज्ञान. मी घाईघाईनं म्हणाले, मग बाकीच्या सड्यांवरच्या दोन-दोन चौकटी काढून टाकते. त्या म्हणाल्या, "कोणत्या दोन? आणि ते निकाल बघून ठरवणार का आधी?"

त्या प्रश्नानं माझे दोन महिने गेले, पण काम सुधारलं. सहापैकी कोणत्याही चार चौकटी निवडायचे १५ मार्ग असतात. त्या सगळ्यांची सरासरी घ्यायची, मनाला येईल त्या दोन फेकायच्या नाहीत. फुटबॉलमध्ये अशी सरासरी घेता येत नाही, म्हणून त्यांनी एक ठरलेला, सगळ्यांना सारखा नियम लावला.

आणि हा नियम निकालावर किती परिणाम करतो तेही तपासता येतं. सगळ्यांचे चौथ्या संघाविरुद्धचे सामने वगळले, तर तिसऱ्या क्रमांकाचे तिघेही शून्य गुणांवर येतात आणि गोलफरक उरतो: थायलंड उणे २, व्हिएतनाम उणे ६, इराण उणे १२. थायलंड आणि व्हिएतनाम पुढे. आता उलट करा. काहीच वगळू नका, इराणचा भारताविरुद्धचा बरोबरीचा गुणही धरा. थायलंड ३ गुण, व्हिएतनाम १ गुण आणि उणे ६, इराण १ गुण आणि उणे १२. तरी तेच दोघे पुढे. दोन वेगळ्या पद्धती, एकच उत्तर. पेपरमध्ये ज्याला आपण संवेदनशीलता विश्लेषण म्हणतो ते एवढंच असतं. ते करायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, आपलाच निष्कर्ष मोडून बघायची तयारी लागते.

मग माझी टीका कशावर? तर यावर. तो नियम इतर अकरा संघांमधली तुलना दुरुस्त करतो. भारताबद्दल तो काहीच करू शकत नाही, कारण जे मोजलंच गेलं नाही ते कोणत्याही सूत्रानं परत येत नाही. गहाळ माहितीवरचा सर्वांत चांगला उपाय विश्लेषणात नसतो, रचनेत असतो. म्हणजे राखीव दिवस, सामना पुढे नेण्याची तरतूद, किंवा निदान विश्वचषकाच्या प्लेऑफपुरतं वेगळं दार. नियम आधी लिहिले होते, सगळ्यांना सारखे होते, म्हणून ते न्याय्य होते असं म्हणता येईल. पण आधी लिहिलेला नियम प्रामाणिक असतो, पुरेसा असेलच असं नाही. पूर्वनोंदणी केलेला प्रयोगसुद्धा वाईट रचलेला असू शकतो.

एका गोलाचं अंतर

त्याच स्पर्धेत व्हिएतनामचं काय झालं ते पाहा. गटात एकही विजय नाही. दक्षिण कोरियाकडून ०-३, जपानकडून ०-३, आणि म्यानमारशी २-२. म्यानमारही तिथेच: जपानकडून ०-५, दक्षिण कोरियाकडून ०-२, आणि तोच २-२. दोघांचा एकेक गुण. गोलफरक व्हिएतनामचा उणे ६, म्यानमारचा उणे ७.

एका गोलानं व्हिएतनाम तिसरा, म्यानमार चौथा आणि बाहेर. व्हिएतनाम उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून १-३ हरला. पण ऑस्ट्रेलियाला यजमान म्हणून विश्वचषकाची जागा आधीच होती आणि तोही उपांत्यपूर्व फेरीतच हरला. त्यामुळे उरलेल्या एका थेट जागेसाठी हरलेले तीन संघ आपसात खेळले. व्हिएतनामनं थायलंडला २-० आणि चायनीज तैपेईला २-१ असं हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. हे सगळं घडलं नवी मुंबईत.

याला नशीब म्हणायचं का? अर्धवट. मला इथे रचनेची एक चांगली बाजू दिसते. व्हिएतनाम त्या एका गोलामुळे आत राहिला खरा, पण विश्वचषकाला गेला तो दोन नव्या, तुल्यबळ संघांविरुद्धच्या विजयांमुळे. म्हणजे उंबरठ्यावरच्या संघांना पुन्हा एकदा मोजलं गेलं. ज्या ठिकाणी शंका सर्वांत जास्त, तिथे जास्त निरीक्षणं घ्यायची, हे उत्तम तत्त्व आहे. २०२५ च्या पात्रता फेरीत नेमकं हेच नव्हतं. नेपाळ, थायलंड, म्यानमार यांना दुसरी मोजणी मिळाली नाही.

मग दुसरी पद्धत कोणती?

युरोपात २०२७ साठी संघांना तीन श्रेणींत वाटलं आहे. वरच्या श्रेणीत १६ संघ, चार गट. थेट पात्र ठरणार ते फक्त त्या चार गटांचे विजेते. बाकीच्यांना प्लेऑफचा लांब रस्ता. इथे ताकदीचे संघ ताकदीच्या संघांशीच खेळतात, म्हणून १३-० सारखे वाया गेलेले सामने कमी. सीलिंगचा प्रश्न बराचसा सुटतो.

पण श्रेणी ठरते मागच्या कामगिरीवरून, आणि इथे दुसरा सापळा आहे. मागची कामगिरी मोजायला आधी खेळायला मिळावं लागतं. भारताचा महिला संघ २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून बाहेर गेला होता, तो हरल्यामुळे नाही, तर दीड वर्षाहून अधिक काळ सामनेच न खेळल्यामुळे. सामने कोण आयोजित करतं? खेळाडू नाही, महासंघ करतो. म्हणजे प्रशासनाचा आळस खेळाडूंच्या क्षमतेच्या रकान्यात नोंदला जातो. ज्या व्यवस्थेत जुनी क्रमवारी पुढची संधी ठरवते, तिथे न मोजलेल्यांना न मोजलेलंच राहावं लागतं. शिष्यवृत्त्यांत आणि फेलोशिपमध्येही हे आपण बघतोच. ज्याच्याकडे आधी पेपर आहे त्याला प्रकल्प मिळतो, आणि प्रकल्प असला की पेपर होतो.

म्हणून मी आशियातली खुली रचना पूर्ण मोडा असं म्हणणार नाही. ७० व्या क्रमांकाच्या संघाला ४६ व्या क्रमांकाच्या संघाशी एकाच गटात, एकाच जागेसाठी भिडता आलं, हे या खुलेपणामुळेच. मला हवी आहे ती एक छोटी दुरुस्ती: आठ गटांतल्या दुसऱ्या संघांसाठी दोन-तीन जागा राखून त्यांच्यात प्लेऑफ. सामने फार वाढणार नाहीत, पण वाढतील ते नेमके शंकेच्या जागी. त्यासाठी मागच्या स्पर्धेतल्या पहिल्या तिघांना मिळणाऱ्या थेट जागांपैकी एखादी कमी करावी लागेल. चीन, जपान किंवा कोरिया पात्रता फेरीतून सहज येतीलच, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन: मग त्यांना ती खेळायला हरकत काय?

ज्युनिअरला द्यायचं उत्तर

आठवड्यानं ती पुन्हा भेटली तेव्हा मी माझं "हो" मागे घेतलं. तिला आधी वाईट वाटलं. मग मी तिला दोन वाक्यं सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. पात्र ठरणं ही घटना आहे. सरस असणं हे अनुमान आहे. घटना घडली, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. संगीताचे ते दोन गोल कोणत्याही संभाव्यतेच्या तक्त्यानं कमी होत नाहीत. पण त्या घटनेवरून अनुमान काढताना आपल्याला पुराव्याच्या मापानंच बोलावं लागतं: "परक्या मैदानावर, वरच्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध, एका सामन्यात सरस." एवढं म्हणता येतं, आणि हे काही कमी नाही.

हाच नियम उलट्या दिशेनंही लावायचा. जानेवारी २०२२ नंतर "भारतीय महिला फुटबॉल संपलं" असा सूर मी आजूबाजूला खूप ऐकला. त्याला शून्य निरीक्षणांचा आधार होता. जो माणूस शून्यावरून निराश होतो, तोच एकावरून हुरळून जातो. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात काहीही निकाल लागले, अगदी तिन्ही सामने हरलो तरी, हे लक्षात असू द्या. तीन हे एकापेक्षा जास्त आहेत, पण तेही तीनच आहेत.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, म्हणजे पेटमध्ये मला एका मार्कानं कट-ऑफ हुकला तर मी वाईट नाही ना?"

मी म्हणाले, "नाही. पण कट-ऑफ हुकलेला असेल."

म्यानमारच्या मुलींना हे वाक्य माझ्यापेक्षा चांगलं समजेल. तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ एवढाच: तुम्हाला माहीत असलेली कोणतीही निवड-पद्धत घ्या, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती, गावातली कबड्डी स्पर्धा, काहीही. तिला चार प्रश्न विचारा. यातली किती निरीक्षणं खऱ्या प्रश्नाबद्दल काही सांगतात? निकाल किती मोजमापांवर लागतो? गैरहजर राहिलेल्यांचं काय होतं? आणि उंबरठ्यावरच्यांना दुसऱ्यांदा मोजतात का? चारही उत्तरं एका पानात लिहून काढा. रिसर्च प्रपोजलचा सराव म्हणून हे एक पान बरंच काही शिकवतं, निदान माझे जे दोन महिने गेले ते तुमचे जाणार नाहीत.